हिरवळीची कड

महाडसारख्या गावात हिरवळ मुद्दाम लावावी लागते असे कोणी म्हटले, तर आमच्याकडचा माणूस त्याला हसेल. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की इथे कौलावर, कुंपणावर, विहिरीच्या कठड्यावर, फार काय, चार दिवस एका जागी उभ्या राहिलेल्या मोटारीच्या टपावरही काहीतरी हिरवे उगवते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तिथे प्रश्न गवत लावण्याचा नसतो, आवरण्याचा असतो. तरीही आमच्या घरापुढे हिरवळ आहे. लांबी वीस फूट, रुंदी बारा फूट. पुण्याला आपल्या बहिणीच्या बंगल्यापुढे सौ.ने एकदा ती पाहिली आणि मग ती आमच्या अंगणात आली. तिच्याभोवती जांभ्याच्या चिऱ्यांची किनार आहे.

ही किनारच आमच्या घरातील सर्व वादांचे मूळ. हिरवळीच्या मधले गवत शहाणे असते. कडेचे गवत उनाड. ते चिऱ्यांवर चढते, फटींत शिरते, पायवाटेवर पसरते, आणि दसऱ्याच्या सुमारास कड कुठे होती हे आठवणीने सांगावे लागते.

या कामाला आमच्याकडे वर्षानुवर्षे मामा येत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर त्यांचे घर आहे. वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि दसऱ्यानंतर, एक विळा, एक खुरपे आणि भाकरीचे फडके एवढे सामान घेऊन ते सकाळच्या एस.टी.ने उतरत. न्हावी कानामागचे केस ज्या हलक्या हाताने काढतो, त्या हाताने मामा चिऱ्याच्या कडेचे गवत काढीत. दोन दिवस लागत. तिसऱ्या दिवशी सौ. अंगणात उभी राहून म्हणे, "आता घर घरासारखे दिसते."

गेल्या वर्षी दसऱ्याला माझे मेहुणे पुण्याहून आले ते एक लांबट खोके घेऊन. "भावजी, दोन दिवसांचे काम अर्ध्या तासात!" असे म्हणून त्यांनी ते माझ्या हाती दिले. खोक्यात हिरवळीची कड कापण्याचे विजेचे यंत्र होते. एक लांब दांडा, वर मूठ, खाली एक मोटर, आणि तिच्या टोकाला उभे फिरणारे पोलादी पाते. ते जमिनीत बोटभर उतरून फिरते आणि हिरवळ व चिरा यांच्यामध्ये सुरीने कापावी तशी सरळ चीर पाडते. मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे त्याला तत्काळ 'कडकर्तक' असे नाव दिले. मुलीने नाक मुरडले. मामांनी दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज ऐकून 'भुंगा' हे नाव दिले, आणि घरात तेच रूढ झाले.

गवत कापण्याच्या यंत्रांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडातील एडविन बडिंग या गृहस्थाने १८३० साली हिरवळ कापण्याच्या पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ते सुचले होते. तिकडे अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली मोटार धुण्याच्या यंत्रातले गरगरणारे ब्रश पाहून नायलॉनच्या दोरीने गवत छाटण्याची कल्पना आली. आज महाडच्या बाजारात गवत कापणारी जी निरनिराळी यंत्रे मिळतात, ती याच गणगोतातली. परंतु ज्या देशांत ही यंत्रे जन्मली तिथल्या अंगणांत आपला पाऊस नव्हता, आणि आपल्या घरांतली वायरिंगही नव्हती.

मी निष्काळजी माणूस नाही, असे मला तोपर्यंत वाटत असे. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी रात्री जागून वाचून काढली. दांडा जोडताना प्लग भिंतीपासून दूर ठेवला. पात्याचा नट पान्याने घट्ट केला. पात्यावरची ढाल जागच्या जागी बसली आहे ना, हे हलवून पाहिले. ही ढाल नसेल तर उडालेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. मुठीजवळ एक आकडा असतो, त्यात वायरचा वेढा अडकवला, म्हणजे ओढ बसली तरी प्लग निसटत नाही. पायात बूट, अंगात पायजम्याऐवजी जाड पँट, डोळ्यांवर चष्मा. मुलीला पडवीत बसवले. चिऱ्यांच्या फटींवर काठी आपटून घेतली, कारण आमच्याकडे जांभ्याच्या फटीत गवताखेरीज लाल विंचू आणि फुरसेही राहते. याच लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला आणि कित्येकांचे प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा कडेच्या फटीत हात घालण्यापूर्वी काठी आपटावी, हे आमच्या गावात कोणाला शिकवावे लागत नाही.

एवढे सर्व मी केले. जे केले नव्हते ते त्या दिवशीचे नव्हतेच; ते तीन महिन्यांपूर्वीचे होते.

आमच्या मीटरशेजारच्या पेटीत एक जाडसर स्विच आहे. वायरमन त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात, घरोघरी त्याला नुसते 'ट्रिप होणारे बटण' म्हणतात. जुलैच्या पावसात तो स्विच रात्री-अपरात्री पडू लागला. पंखे बंद, डास सुरू. मी उठावे, टॉर्च शोधावा, स्विच वर करावा. तासाभराने पुन्हा 'टक्'. आठवडाभर हे सोसल्यावर मी वायरमनला बोलावले. तो म्हणाला, "सर, हा उगाच पडत नाही. कुठेतरी करंट गळतोय. सगळी लाइन तपासावी लागेल. पाऊस थांबला की करू." मी म्हणालो, "तोवर हा काढून थेट जोडून दे. आम्हाला झोप तरी लागू दे." तो नको म्हणत होता. मी आग्रह केला. माझ्या वयाचा आणि माझ्या नोकरीचा मान ठेवून त्याने ते केले, आणि जाताना बजावले, "आठ दिवसांची सोय आहे हो सर." पाऊस थांबला. झोप उत्तम लागत होती. मी विसरून गेलो.

दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी सकाळी मामा आले होते. त्यांना यंत्र दाखवायचे, हा माझ्या उत्साहाचा मोठा भाग होता. सौ.ने पहाटे झाडांना पाणी घातले होते. हिरवळीवर दहिवरही होते. पुस्तिकेत 'ओल्या गवतावर वापरू नये' असे लिहिले होते. मी मनात म्हटले, कोकणात कोरडे गवत शोधायचे तर मे महिन्यापर्यंत थांबावे लागेल!

भुंगा सुरू झाला. पहिली बाजू सुरेख झाली. मामा कौतुकाने पाहत होते. त्यांच्या हातातले खुरपे नकळत खाली आले होते, आणि ते पाहून मला थोडेसे वाईटही वाटले. कोपऱ्यावर मी वळलो. वायर पाठीमागे खांद्यावरून घ्यायची सोडून मी ती पायाजवळ लोळू दिली होती. पाते तिच्यावरून गेले. यंत्र थांबले. मला वाटले, वीज गेली. वायर अर्धवटच कापली गेली होती. पुरती चिरडून शॉर्ट झाली असती तर निदान एम.सी.बी. पडला असता. तसे झाले नाही.

"सर, वायर तुटली जणू," असे म्हणत मामा वाकले. ते अनवाणी होते.

पुढचे मी पाहिले आणि तरीही मला हलता आले नाही. त्यांचा हात वायरवर आवळला गेला होता, तोंडून शब्द येत नव्हता. मी पुढे धावलो असतो तर मीही त्यांच्याबरोबर अडकलो असतो. पडवीतून सौ. ओरडली, "हात लावू नका!" आणि तिने भिंतीवरचे बटण बंद करून प्लग उपटला. मामा हिरवळीवर कोसळले. श्वास चालू होता. १०८ला फोन केला, गाडी आली. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रात्रभर ठेवून घेतले. तळहात भाजला होता. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावले."

त्या रात्री मी दवाखान्याच्या बाकावर बसून हिशेब केला, आणि तोच वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. हजार वॉटचे यंत्र चालू असताना साधारण साडेचार अँपिअर प्रवाह घेते. एम.सी.बी. किंवा जुना फ्यूज हा दहा-सोळा अँपिअरच्या पलीकडे प्रवाह गेला की तुटतो. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणूस मरण्यासाठी सोळा अँपिअर लागत नाहीत. ओल्या पायांनी, ओल्या मातीवर उभ्या असलेल्या माणसाच्या देहातून एका अँपिअरचा पाचवा हिस्सा सहज जाऊ शकतो, आणि त्याच्याही कितीतरी कमी प्रवाह हृदयाचा ठोका बिघडवायला पुरे होतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या भागालाच, हाताचे स्नायू आवळले जातात आणि वायर सोडवत नाही. त्या वेळी एम.सी.बी.ला काही घडते आहे याचा पत्ताही नसतो. त्याच्या लेखी आणखी एक लहानसा दिवा लागलेला असतो.

ज्याला पत्ता असतो तो दुसरा, आर.सी.सी.बी. त्याचे काम एखाद्या काटेकोर गृहिणीच्या जमाखर्चासारखे आहे. एका वायरने प्रवाह किती गेला आणि दुसरीने परत किती आला, एवढेच तो पाहतो. गेले तितके परत आले, तर ठीक. तीस मिलिअँपिअरचा जरी फरक पडला तरी तो समजतो, की वीज दुसऱ्याच वाटेने, भिंतीतून, ओलीतून किंवा कोणा माणसाच्या देहातून, जमिनीत चालली आहे. आणि डोळ्याचे पाते लवते-न लवते तोच सगळे बंद करतो. माझ्या घरात तो होता. मी त्याला झोप मोडतो म्हणून कामावरून काढून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. एक शब्द बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. दोन तासांत त्याने दोष शोधून काढला. मागच्या न्हाणीघराकडे जाणाऱ्या लाइनवरचा एक जंक्शन बॉक्स उघडला तर आत वाळलेला गाळ. २२ जुलै २०२१च्या त्या महापुरात सावित्रीचे पाणी गावात शिरले, तेव्हा आमच्या घरातही पुरुषभर पाणी होते. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. त्या दु:खापुढे आपल्या घराच्या भिंतींतल्या वायरिंगची चौकशी करायला कोणाला सुचणार! आम्ही भिंती धुतल्या, रंग दिला, पंखे बदलले. पेटीतला गाळ तसाच राहिला. दर पावसाळ्यात तो ओल धरी, थोडी थोडी वीज गळे, आणि स्विच पडे. तो स्विच रोज रात्री एकच खरी गोष्ट सांगत होता.

चार दिवसांनी मी पोलादपूरला गेलो. एस.टी. स्टँडवर उतरून, पुढे जीपने आणि मग पायी वाडीवर. भात पिवळे होऊन वाकले होते. कापणी तोंडावर आलेली, आणि मामांच्या उजव्या हाताला बँडेज. ते ओट्यावर बसले होते. मला पाहून उठू लागले. मी त्यांना बसवले.

"मशिनचा दोष नाय सर," तेच म्हणाले. "वायर मीच उचलली."

"दोष माझा आहे मामा," मी म्हणालो, आणि स्विचची हकिगत त्यांना सांगितली. ती सांगणे मला वाटले होते त्याहून अवघड गेले. मामा ऐकत राहिले. मामींनी कोरा चहा आणून पुढे ठेवला आणि जाता जाता म्हणाल्या, "शिकल्यासवरल्या माणसाच्या घरी धाडलंय, म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

कापणीला दोन गडी लावून दिले. त्याची मजुरी मी दिली, यात उपकाराचा प्रश्नच नव्हता. पुढच्या रविवारी मीही विळा घेऊन शेतात उतरलो. माझी ओळ इतकी वाकडी गेली, की मामा डाव्या हातात चहाचा कप धरून पहिल्यांदा हसले.

घरोघरी आता अशी यंत्रे येत आहेत, आणि ती यावीत. वाकून वाकून कंबर मोडलेल्या माणसाला यंत्राने उभे केले तर त्यात वाईट काही नाही. परंतु यंत्र घरात आणण्यापूर्वी घर यंत्रासाठी तयार आहे का, ते पाहा. पेटीत तीस मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. आहे का? त्याच्यावर 'टी' लिहिलेले एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. स्विच 'टक्' करून पडला पाहिजे. न पडला तर तो शोभेचा आहे. आणि तो आपण होऊन वारंवार पडू लागला, तर त्याला नव्हे, त्याच्या तक्रारीच्या कारणाला शोधा. ज्यांच्या घरात पुराचे पाणी आले होते त्यांनी तर भिंतीतली प्रत्येक पेटी उघडून पाहावी. अर्थिंगचा खड्डाही जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावा. तिथली तार गंजून तुटलेली असली तरी वरून काहीच दिसत नाही.

यंत्राच्या प्लगला तीन पिना असतील तर तिसरी कधीही मोडू नये. दोनच पिना असतील आणि यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर ते दुहेरी आवरणाचे आहे. त्याला अर्थिंगची तार लागत नाही. पण अशा यंत्राचीही वायर कापली गेली, तर आतली वीज उघडीच पडते. बाहेर न्यायची वायर चांगल्या तांब्याची, निदान दीड चौरस मिलिमीटरची असावी, तिला मध्ये चिकटपट्टीचे सांधे नसावेत, आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली असावी. गुंडाळलेली वायर तापते. काम सुरू करावे ते प्लगच्या जवळून, आणि दूर दूर जावे, म्हणजे वायर नेहमी पाठीशी राहते. ती खांद्यावरून मागे सोडावी. पाते एका दमात खोल उतरवू नये. पहिल्या फेरीला इंचभर पुरे. बटण सोडल्यावरही पाते काही क्षण फिरतच असते. गवत अडकले तर आधी प्लग काढावा, मग वाकावे. वायर कापली गेली तर तिला हात न लावता भिंतीकडे जावे. आणि कोणी चिकटलेच, तर त्याला हात न लावता आधी वीज तोडावी. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा उपचार लगेच सुरू करावा. तो उपचार शिकायला एक दुपार पुरते; आमच्या घरी आम्ही तिघेही आता तो शिकलो आहोत.

आणि ओल्या गवतावर हे यंत्र चालवू नये. हे वाक्य पुस्तिकेत होते, ते मी वाचले होते, आणि त्यावर विनोदही केला होता.

यंदा गणपतीच्या आधी मामा येतील की नाही, याची मला खात्री नव्हती. सौ.ने निरोप धाडला होता. एका सकाळी फाटक वाजले. विळा, खुरपे, भाकरीचे फडके. तळहातावर एक गुळगुळीत पांढरी खूण. पायांत मात्र रबरी गमबूट होते. मुलाने मुंबईहून पाठवले म्हणाले.

अंगणात उतरण्यापूर्वी ते पडवीत थांबले. "सर, ते बटण दाबून दाखवा."

मी पेटी उघडून 'टी' दाबले. टक्! पंखा थांबला, स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला, सौ. आतून काही बोलली नाही. मामांनी मान हलवली. मी स्विच वर केला आणि म्हणालो, "भुंगा काढू का?"

"छे. जमीन ओली हाय," मामा म्हणाले. "तो दसऱ्यानंतर. ऊन चढल्यावर." आणि खाली बसून त्यांनी पहिल्या चिऱ्याच्या कडेला खुरपे लावले.

दिवाळीत आपण आकाशकंदील टांगतो, गॅलरीत आणि तुळशीपाशी दिव्यांच्या माळा सोडतो, ओल्या अंगणात पोरेबाळे अनवाणी नाचतात. यंदा माळ लावण्यापूर्वी एकदा पेटीपाशी जा आणि ते छोटे बटण दाबून पाहा. घर क्षणभर अंधारले, तर समजा की पहारेकरी जागा आहे. मग खुशाल दिवे लावा.